तार्येइची सून

बस वास्लीच्या थांब्याला लागली तेव्हा मेरेतेनं आधी खिडकीतूनच बघून घेतलं, न्यायला कोण आलंय ते. हाल्वोर नव्हता. तो नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं बघितलं. त्याचे वडील आले होते. म्हातारा तार्येइ कानटोपी मागे सरकवून, पायानं रेटायची घसरगाडी घेऊन बर्फात उभा होता आणि एकेक खिडकी शोधत होता.

"आली का गं माझी डेन्मार्कची पोर!" ती उतरताच तो ओरडला. "आण ती पेटी इकडे. दरवर्षी जड होत चाललीय की मीच म्हातारा होत चाललोय?"

"दोन्ही," मेरेते म्हणाली. तिनं अकॉर्डियनची पेटी घसरगाडीवर ठेवली आणि त्याला मिठी मारली. त्याच्या स्वेटरला लाकडाच्या धुराचा आणि डांबराचा वास येत होता. ती जरा जास्तच वेळ तशी उभी राहिली.

"हाल्वोरचा निरोप आला," चालता चालता तार्येइ म्हणाला. "तालमी आहेत म्हणे. कलाकारांसाठी शाळेत खाटा टाकल्यात, तिथंच झोपणार. शाळा काय लांब आहे घरापासून? हाक मारली तर ऐकू येईल. पण मोठे कलाकार ना! तू तर घरीच येतेस ना? का तुलाही खाट हवीय?"

"मी घरीच येते, बाबा."

"मग झालं तर."

हाल्वोरनं मेरेतेला सोडलं त्याला पाच-सहा महिने झाले होते. अठरा वर्षं दोघं एकत्र राहिली, एकत्र वाजवलं. तो फिडल वाजवायचा, ती अकॉर्डियन. कागदावर लग्न कधी केलं नाही, त्या देशात त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पण तार्येइ पहिल्या दिवसापासून तिला सूनच म्हणत आला होता. ऑक्टोबरात एके दिवशी हाल्वोरनं स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं की त्याचं सुन्निवावर मन बसलंय. सुन्निवा गाणारी, वयानं बरीच लहान, पलीकडच्या दरीतली. मेरेतेनं भांडण केलं नाही. तिनं आपले कपडे आणि पेटी उचलली आणि ओस्लोहून डेन्मार्कला, बहिणीकडे निघून गेली.

मग मेळ्याच्या आधी त्याचा फोन आला.

"बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "मेळा एकदा पार पडू दे, मग सांगतो. जाहिराती छापून झाल्यात. आपलं नाव जोडीनंच आहे. तू येशील ना?"

ती हो म्हणाली. म्हाताऱ्याच्या जिवासाठी म्हणून आपण हो म्हणतोय, असं तिनं स्वतःची समजूत घातली. खरं एवढंच होतं की तिला आणखी एक आठवडा तार्येइची सून राहायचं होतं.

वास्लीचा मेळा ईस्टरच्या आठवड्यात भरतो. दिवस लांबलेले असतात, ऊन कडक, बर्फ अजून छातीएवढं. शाळेत, चर्चमध्ये, कुणाच्या गोठ्यातही गाणंबजावणं चालतं आणि शेवटच्या दिवशी सगळा गाव डोंगरावरच्या सेतरापाशी जमतो. पूर्वी उन्हाळ्यात गुरं घेऊन बाया तिथं राहायच्या. आता ते नुसतं जुनं लाकडी घर. त्याच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ लावून कलाकार वाजवतात आणि लोक बर्फात कातडी अंथरून ऐकतात. वर जायला रस्ता नाही. सगळे स्कीवरून जातात. वाद्यं आणि अगदीच म्हातारीकोतारी तेवढी बर्फावरच्या स्कूटरमागे बांधलेल्या गाडीतून. आणि मेरेते. डेन्मार्क हा ताटासारखा सपाट देश. तिथल्या बाईला स्की कुठून येणार? पहिल्या वर्षी हाल्वोरनं शिकवायला घेतलं होतं. ती पडली की तो हसायचा, पुन्हा पडली की उसासा टाकायचा. तिसऱ्या उसाशानंतर तिनं स्की काढून ठेवल्या त्या कायमच्या.

डोंगरातल्या गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. हाल्वोर आणि सुन्निवाचं सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याला कळायला हवं होतं त्याला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. मेरेते शाळेत शिरली की बोलणं थांबायचं आणि मग कुणीतरी हवेबद्दल काहीतरी बोलायचं. हवा छान होती. आठवडाभर ती सर्वांच्या तोंडून हवा छान आहे हेच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आस्लौगला भेटायला गेली. आस्लौग मेळ्याची सगळी व्यवस्था बघायची. जाडजूड, मोठ्या आवाजाची, मनानं सरळ बाई. शाळेच्या व्हरांड्यात ती वाफल भाजत उभी होती.

"रविवारी मी आणि पेटी नेहमीसारखं स्कूटरवर ना?" मेरेतेनं विचारलं.

आस्लौगनं पीठ ढवळायला घेतलं, ते आधीच ढवळून झालेलं होतं. "पेटी जाईल गं. तुझं मात्र जरा... दोन म्हाताऱ्या आहेत, आणि एक जागा सुन्निवाला द्यावी लागतेय."

"सुन्निवाला? ती तर चालायच्या आधी स्की शिकली असेल."

"हो, पण डॉक्टरांनी तिला पडझड नको म्हणून—" आस्लौग थांबली. हातातली पळी तशीच राहिली. साच्यातून जळका वास यायला लागला. "अगं बाई. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," मेरेते म्हणाली. "केव्हा आहे?"

"सप्टेंबरात."

"तुझा वाफल जळतोय, आस्लौग."

आस्लौगनं दुसरा भाजला, त्यावर आंबट साय आणि मुरंबा घातला आणि तिच्या हातात दिला. मेरेतेनं तो उभ्या उभ्या सगळा खाल्ला. तो गोड होता की खारट हे तिला सांगता आलं नसतं.

तिला आणि हाल्वोरला मूल झालं नाही. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा मध्येच पडलं. तिसऱ्या वेळी ती इथंच, तार्येइच्या घरी होती. नाताळ होता, हाल्वोर कुठल्याशा कार्यक्रमाला गेलेला आणि बाहेर वादळ. तार्येइनं तिला घोंगडीत गुंडाळून ट्रकमध्ये बसवलं आणि रस्ता दिसत नसताना दरीतल्या इस्पितळात नेलं. वाटभर तो एकच वाक्य म्हणत होता, "माझ्याकडे बघ, पोरी, माझ्याकडे बघ." नंतर त्यानं त्या गोष्टीचा उच्चार केला नाही, कधीच नाही. नातवंडाचाही केला नाही. पण शेजाऱ्याचं पोर अंगणात आलं की हातातलं काम टाकून तो त्याच्यामागे फिरायचा, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

ती घरी आली तेव्हा तार्येइ कॉफी पीत बसला होता.

"काय ठरलं? यंदाही दुधाच्या बरणीसारखी बांधून नेणार का तुला वर?"

"नाही," मेरेते म्हणाली. "बाबा, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"स्की. रविवारपर्यंत."

तार्येइनं कप खाली ठेवला. तिच्याकडे नीट पाहिलं, ती थट्टा करतेय का ते. मग तो उठला आणि माळ्यावर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या मेलेल्या बायकोचे, गुनहिल्डचे बूट होते आणि खांद्यावर तिच्या स्की.

"अठरा वर्षं वाट बघतोय मी," तो म्हणाला. "हाल्वोरला मी म्हटलं होतं, अरे तुझ्यात धीर नाही, तू नको शिकवूस, मी शिकवतो. तर म्हणे, तुम्ही मध्ये पडू नका. बूट मोठे होतील. मोजे दोन-दोन घाल."

घराखाली गोठलेलं तळं होतं. त्यावर स्कीची चाकोरी पाडलेली होती, दोन सरळ रेघा, पार पलीकडच्या काठापर्यंत. तार्येइनं स्कीच्या तळाला निळं मेण घासलं, तळव्यानं चोळून पसरवलं आणि तिला चाकोरीत उभं केलं.

"आता चाल."

"कशी?"

"पायांनी. तुमच्याकडे चालत नाहीत का?"

ती चालली आणि पडली. उठता येईना, एक स्की उचलली की दुसरीवर पडायची. तार्येइ कमरेवर हात ठेवून बघत उभा.

"हात तर द्या!"

"मी दिला तर मी नसताना कोण देणार? काठ्या बाजूला टाक. गुडघे पोटाशी घे. हां. आता स्की दरीला आडव्या."

"कुठली दरी? हे तळं आहे!"

"मनात धर की दरी आहे."

ती हसायला लागली. हसता हसता आणखी रुतली. तोही हसला, कानटोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही डेन्मार्कचे लोक तोंडात गरम बटाटा धरून बोलता, आणि पडताही तसेच. पडायचं तर बूड एका बाजूला टाक. तोंडावर पडून काय मिळतं?"

पहिला दिवस पडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तिला घसरणं जमलं; एका पायावर भार टाकायचा आणि त्या पायावर पुढे जाऊ द्यायचं, दुसरा पाय ओढायचा नाही, सैल सोडून आणायचा. तार्येइ तिच्या पुढे चालायचा, वय झालं तरी पाण्यासारखा. मागे न बघता बोलायचा. "ऐकू येतंय मला. खडखड करतेयस. शांतपणे. फिडलचा गज कसा जातो? तसं." तिसऱ्या प्रहरी तळ्याच्या पलीकडच्या काठाला पोचून ती वळली आणि आपण केवढं अंतर आलो ते बघून तिला रडूच आलं. तार्येइला वाटलं आनंदानं. थोडं आनंदानंही होतं.

उतार मात्र तिला घाबरवायचा. पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर दाबायच्या; नांगर म्हणतात त्याला. तार्येइ घरामागच्या टेकाडावरून तिला पुन्हा पुन्हा सोडायचा. "घाबरलीस की मागे रेलतेस. मागे रेललीस की गेलीसच. भीती वाटली तर पुढे वाक."

संध्याकाळी शाळेत हाल्वोरबरोबर तालीम असायची. त्याला तोंड देणं तळ्यावर पडण्यापेक्षा अवघड होतं, कारण वाजवताना काहीच बिघडलेलं नव्हतं. त्यानं गज उचलला की कुठल्या मात्रेवर यायचं हे तिला अजून न बघता कळायचं. फिडलच्या खालच्या तरफेच्या तारा गुंजायला लागल्या की तिचा श्वास आपोआप त्या सुराला लागायचा. एक चाल संपली आणि सवयीनं दोघं एकमेकांकडे बघून हसली. मग हाल्वोरनं नजर काढून घेतली.

"मूल होणार आहे तुम्हाला," मेरेते म्हणाली.

तो गजाला राळ लावत होता. हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं आहे का? तू सांगणार होतास?"

"सांगणार होतो. मेळा झाल्यावर."

"तुझं सगळं मेळा झाल्यावरच."

"तुला त्रास होऊ नये म्हणून, मेरेते."

"मला त्रास होऊ नये," ती म्हणाली. तिनं पेटीचा भाता बंद केला, पट्टा लावला. "तीनदा मला झाला तेव्हा तू प्रत्येक वेळी कुठेतरी वाजवत होतास. मी कधी बोलले नाही. आज बोलतेय, आणि परत बोलणार नाही. बाबांना तू आज सांग."

"रविवारनंतर सांगतो. शपथ. त्यांचा मेळा कशाला खराब करायचा?"

खरं तर म्हाताऱ्याचं सोडून तो स्वतःचा मेळा वाचवत होता. ते तिलाही कळलं, त्यालाही.

शनिवारी तार्येइ तिला जंगलाच्या कडेनं लांब घेऊन गेला. देवदारांच्या पलीकडे, वाऱ्याला आडोसा होता तिथं त्यानं फांद्या पसरून त्यावर कातडं टाकलं, थर्मास काढला, संत्री काढली. समोर दरी उघडी पडली होती आणि उन्हानं डोळे उघडवत नव्हते. तार्येइनं संत्र्याची साल एका तुकड्यात सोलली आणि अर्धं तिला दिलं.

"हाल्वोर एकदाही जेवायला आला नाही," तो म्हणाला. "भांडलात का गं?"

मेरेतेच्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती गिळायला तिला वेळ लागला.

"भांडलो नाही, बाबा. आम्ही वेगळे झालोय. ऑक्टोबरातच. तो सुन्निवाबरोबर राहतो."

तार्येइ दरीकडे बघत राहिला. त्याच्या हातातलं अर्धं संत्रं तसंच होतं, रस मनगटावरून बाहीत चालला होता.

"म्हणजे आठवडाभर," तो म्हणाला, "तू माझ्या घरात, माझ्या समोर बसून..."

"त्यानं सांगितलं होतं, नको सांगूस म्हणून. आणि मलाही सांगायचं नव्हतं. मला यायचं होतं."

"गाढव आहे तो. गाढव. बापाला सांगायची लाज वाटली आणि खोटं बोलायला तुला लावलं." त्याचा आवाज चिरकला. "ऐक. मला ते कळत नाही. त्यानं कुणाबरोबर राहायचं ते त्याचं तो बघेल. तू माझी सून आहेस. वरची खोली तुझी आहे. तो आला न आला, तू येत जा. कळलं? या वयात मी दुसरी सून नाही शिकणार."

मेरेतेनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिथं थांबली असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. पण उद्या वर सेतरापाशी सगळा गाव असणार, सुन्निवा गाडीतून येणार, आणि कुणीतरी म्हाताऱ्याचं अभिनंदन करणार. ते त्याला असं कळू नये.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "सुन्निवाला दिवस गेलेत."

तार्येइनं मान वळवली.

"केव्हा?" तो म्हणाला.

शब्द त्याच्या तोंडून निसटला. त्याबरोबर त्याचं सगळं तोंड उजळलं, सुरकुत्यांसकट, एखाद्या पोरासारखं. क्षणभरच. लगेच त्याला काय झालं ते कळलं आणि त्यानं हातमोजा तोंडावर धरला. पण मेरेतेनं बघितलं होतं. अठरा वर्षांत तिनं तो चेहरा कधी पाहिला नव्हता, कारण तो दाखवायची संधी तिनं त्याला दिलीच नव्हती.

"सप्टेंबरात," ती म्हणाली.

"पोरी, मी... मला तसं..."

"आनंद झाला तर होऊ दे, बाबा."

"मला असा नको होता गं." तो रडत होता. "मला तुझ्याकडून हवा होता."

"मलाही," ती म्हणाली.

मग दोघं कातड्यावर शेजारी शेजारी बसून राहिली. कॉफी गार झाली. घरी परतताना तो पुढे होता, पण नेहमीसारखा मागे न बघता बोलला नाही. दर थोड्या अंतरावर थांबून ती येतेय ना ते बघत होता.

रविवारी ऊन लवकर पडलं. मेरेते आणि तार्येइ सगळ्यांच्या आधी निघाली, कारण तिचा वेग तो तेवढाच. चढ तिरपा होता. पाय फाकवून, माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटवत ती चढत होती, घामानं भिजली होती, आणि मागून येणारे लोक पुढे निघून जाताना चकित होऊन ओरडत होते. "अरे, मेरेते! दुधाच्या बरणीला पाय फुटले!" आस्लौगनं तर काठ्या टाकून टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं खालून स्कूटरचा आवाज आला. गाडीत दोन म्हाताऱ्या, वाद्यांच्या पेट्या, आणि लाल टोपीतली सुन्निवा. तिनं मेरेतेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शेवटच्या वळणावर हाल्वोरनं त्यांना गाठलं. फिडल पाठीवर होतं.

"तू?" तो थांबला. "तू स्कीवर?"

"दिसत नाही का?"

"कुणी शिकवलं?"

"मी," तार्येइ म्हणाला. तो मुलाकडे बघत नव्हता, काठीनं बर्फ टोचत होता. "उसासे न टाकता शिकवलं की माणूस शिकतं. मला सगळं कळलंय, हाल्वोर. तिनं सांगितलं. जे तू सांगायचं ते तिला सांगावं लागलं."

"बाबा, मी उद्या—"

"खाली उतरल्यावर बोलू. आत्ता वर जा. आणि आज नीट वाजव. तिच्या शेजारी उभा राहणार आहेस, तेवढी तरी लाज राख."

हाल्वोरनं पाठीवरच्या फिडलचा पट्टा ओढून घट्ट केला. पन्नाशीला टेकलेला माणूस, त्या क्षणी शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. मेरेतेला त्याची दया आली, आणि दया आली याचा राग आला.

त्यांनी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. भिंतीचं जुनं लाकूड उन्हानं तापलं होतं, पाठीला ऊब लागत होती. लोक कातड्यांवर पसरले होते, कुणी डोळे मिटून, कुणी बर्फात पाय खुपसून. शेवटाला नेहमी वऱ्हाडाची चाल व्हायची. नवरानवरीला चर्चकडे नेताना वाजवायची ती संथ, भारदस्त चाल. दरवर्षी लोकच मागायचे. यंदा कुणी मागेना. जो तो आपल्या बुटांशी चाळा करायला लागला. हाल्वोर फिडल खाली घेत होता.

मेरेतेनं भाता उघडला आणि ती चाल सुरू केली. एकटीनंच. पहिली ओळ तिनं एकटीनं वाजवली, आणि दुसऱ्या ओळीला फिडल आलं. यावंच लागलं त्याला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती दरीपलीकडच्या पांढऱ्या कड्यांकडे बघत होती आणि एकही सूर घाईनं सोडत नव्हती. चाल संपल्यावर लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कळेना. मग आस्लौगनं सुरुवात केली, रडत रडत.

मंडळी उठली, शेकोट्यांवर सॉसेज भाजायला लागली. मेरेतेनं पेटी बंद केली. वर बघितलं तर तार्येइ घराच्या कोपऱ्याशी उभा होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर सुन्निवा बाकावर एकटीच बसली होती. तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. छपरावरचं बर्फ वितळून बाकावर ठिबकत होतं. तार्येइ तिच्याकडे बघत होता आणि परत जमिनीकडे. दोनदा त्यानं पाऊल उचललं आणि मागे घेतलं. मग तो गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. सुन्निवा उठून उभी राहिली, त्यानं आपलं जाड जाकीट काढलं, घडी करून ओल्या बाकावर घातलं आणि तिला हातानं धरून त्यावर बसवलं. स्वेटरवर, थंडीत, तो तिच्यापुढे उभा राहिला. ठिबकणारं पाणी आता त्याच्या खांद्यावर पडत होतं.

मेरेतेला त्याच्या वागण्यात काही चूक दिसली नाही. सुन्निवाच्या जागी दुसरं कुणी असतं आणि त्यानं असं केलं नसतं, तर तिला तो आवडलाही नसता. तिनं पेटी स्कूटरवाल्याकडे दिली, बसथांब्यावर ठेवायला सांगितली आणि स्की पायात चढवल्या.

तार्येइनं तिला बघितलं. तो घाईघाईनं आला. "थांब, थांब, मी येतो. उतार कठीण आहे. तू एकटी नाही जाऊ शकत."

"तुम्ही सुन्निवाबरोबर या. गाडीत तिला धरून बसायला कुणीतरी हवं. हादरे बसतात."

"मेरेते..."

"माझी पिशवी मी सकाळीच आस्लौगच्या घरी ठेवलीय, बाबा. आजच्या बसनं जाते."

त्याला कळलं. त्यानं तिच्या काठ्यांचे पट्टे नीट केले, एकेक करून, जणू त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. "भीती वाटली तर पुढे वाक," तो पुटपुटला. ती हो म्हणाली आणि टाचा बाहेर दाबून उताराला लागली.

पहिल्या उतारावर ती पडली नाही. दुसऱ्यावर पडली, बर्फ कानात आणि गळ्यात गेलं. स्की आडव्या करून, गुडघे पोटाशी घेऊन उठली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग तिनं रडू आवरलं नाही. नांगर धरून, मोठ्यानं रडत, मध्येच पडत आणि उठत ती देवदारांपर्यंत आली. वरून कुणाच्या तरी फिडलचा आवाज येत होता. तळ्यावर पोचल्यावर चाकोरी सापडली आणि मग पायांना काही सांगावं लागलं नाही. गुनहिल्डचे बूट तिनं पुसून तार्येइच्या ओट्यावर ठेवले, शेजारी स्की उभ्या केल्या आणि बस पकडली.

सप्टेंबरात तार्येइचा फोन आला. मुलगी झाली होती. नाव ठेवलं गुनहिल्ड. तो आधी बिचकत बोलत होता; मग मेरेतेनंच विचारलं, केस आहेत का, कुणावर गेलीय, तेव्हा त्याचा बांध फुटला. नाताळात त्यानं पुन्हा फोन केला. "वरची खोली तशीच आहे," तो म्हणाला. "मेळ्याला ये." ती गेली नाही. पुढच्या वर्षी त्याचे फोन कमी झाले. तिनं ओडेन्सला दोन नव्या वादकांबरोबर काम सुरू केलं होतं, बरं चाललं होतं.

एके दिवशी तिला त्याचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून तिनंच दुपारी फोन लावला.

"अगं, तूच!" तार्येइ आनंदानं ओरडला. "कशी आहेस पोरी? मी एकटाच आहे बघ घरी, पोर माझ्यावर टाकून दोघं तालमीला गेलीत. चालायला लागलीय! तुला सांगू का, काल तिनं—"

मागे काहीतरी आपटलं आणि लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं.

"थांब हं, आलोच," तो म्हणाला.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्याची पावलं लांब गेली. मेरेते कान लावून बसली. किटली वाजत होती, ती तिला ओळखू आली. झाकण सैल होतं तिचं. रडणं हळूहळू कमी झालं. मग लांबून त्याचा आवाज, बारीक, लाडिक, शब्द कळत नव्हते. मूल हसलं. तोही हसला. दार उघडलं, कदाचित नातीला बाहेरचं बर्फ दाखवायला.

त्यानंतर तिकडून काही ऐकू आलं नाही. किटली तेवढी वाजत राहिली. तो फोन विसरला होता. मेरेते आणखी थोडा वेळ त्या घराचा आवाज ऐकत राहिली, आणि मग तिनं आपला फोन हलकेच खाली ठेवला.